प्लास्टिकच्या सोलर सेलमध्ये सोन्याचे कण कशाला?

गरोदरपणाची घरगुती चाचणी करायची पट्टी मेडिकलच्या दुकानात मिळते, तिच्यावर उमटणारी लालसर-गुलाबी रेघ बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याची असते. रंग नव्हे, शाई नव्हे, खरं सोनं. कोविडच्या काळात नाकात काडी घालून घरोघरी चाचण्या झाल्या, त्यातल्याही बऱ्याच किटमधली रेघ सोन्याचीच होती. फक्त ते सोनं इतकं बारीक केलेलं असतं की त्याचा पिवळेपणा जातो आणि ते लाल दिसू लागतं.

हे लाल सोनं आता वेगळ्याच बातम्यांत दिसतं. 'सोन्याच्या नॅनोकणांमुळे प्लास्टिक सोलर सेलची कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढली' अशा अर्थाचा मथळा अधूनमधून येतो आणि पीएम सूर्यघर योजनेतून नुकतंच छतावर पॅनेल बसवून घेतलेला माणूस चरफडतो: थोडं थांबायला हवं होतं का?

नको होतं. पण का नको होतं हे समजून घ्यायचं तर आधी प्लास्टिकपासून सुरुवात करावी लागेल.

## प्लास्टिकमधून वीज कशी वाहते?

वायरवरचं आवरण प्लास्टिकचं असतं ते शॉक लागू नये म्हणून. त्यामुळे 'वीजवाहक प्लास्टिक' हे शब्द कानाला खटकतात. ते प्रत्यक्षात आलं त्यात एका चुकीचा वाटा आहे. जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका प्रयोगात उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकचकीत पापुद्रा तयार झाला. पुढे १९७७ साली शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, एकाच तुकड्याच्या कड्या जोडून झालेली लांबलचक साखळी. या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून आले, तर इलेक्ट्रॉनांना साखळीभर फिरायची मुभा मिळते. असं पॉलिमर प्रकाश शोषतं आणि त्यातून वीजही काढता येते.

त्याचं खरं आकर्षण मात्र कारखान्याच्या बाजूचं आहे. सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांहून जास्त तापमान लागतं. हे पॉलिमर द्रावकात विरघळतं, त्याची शाई होते आणि वर्तमानपत्रासारखी ती रिळावर छापता येते. शिवाय लागतं किती? प्रकाश शोषणारा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एक चौरस मीटरभर एवढा थर द्यायचा तर गुणाकार सोपा आहे: ०.१ घनसेंटीमीटर, म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं पॉलिमर. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या पॅनेलमध्ये सिलिकॉन भरतं साडेतीनशे ग्रॅमच्या वर.

हा हिशेब पाहिला की कुणालाही वाटेल, संपला सिलिकॉनचा काळ. तो संपला नाही, याचं कारण फुगडीत आहे.

## हात न सोडणारी फुगडी

सिलिकॉनवर प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो. तो जिथून उठला तिथे रिकामी जागा राहते, तिला पोकळी म्हणू. इलेक्ट्रॉन ऋण, पोकळी धन. दोघं वेगवेगळ्या दिशांना गेले तरच वीज मिळते. सिलिकॉनमध्ये त्यांची ताटातूट व्हायला खोलीतली साधी ऊब पुरते.

पॉलिमरमध्ये तसं होत नाही. इलेक्ट्रॉन आणि पोकळी फुगडी घालणाऱ्या दोघींसारख्या एकमेकांचे हात घट्ट धरून गरगरत राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. त्यांची पकड साध्या उबेच्या जोरापेक्षा दहापट किंवा त्याहूनही बळकट असते. जोडी फिरत फिरत थोडी सरकते, पण फार तर १० नॅनोमीटर. सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास तिचा खेळ आटोपतो. इलेक्ट्रॉन परत आपल्या पोकळीत पडतो आणि शोषलेला प्रकाश वाया जातो.

हात सोडवायला तिसरं कुणीतरी लागतं: इलेक्ट्रॉनची जास्त ओढ असलेला दुसरा पदार्थ. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग तांग यांनी १९८६ साली असे दोन सेंद्रिय पदार्थ एकावर एक थापून सुमारे एक टक्का कार्यक्षमतेचा सेल दाखवला. कार्यक्षमता म्हणजे पडलेल्या उन्हातल्या ऊर्जेचा किती हिस्सा विजेत उतरला ते.

पण दोन थर एकावर एक ठेवले की सीमारेषा एकच, आणि जोडी १० नॅनोमीटरच चालणार. म्हणजे सीमेपासून लांब जन्मलेल्या सगळ्या जोड्या फुकट. यावरचा तोडगा १९९५ मध्ये हीगर यांच्याच गटाने काढला. दोन्ही पदार्थ एकत्र कालवायचे, दहीपोह्यांसारखे. कुठेही बोट ठेवा, जवळपास पोहा आणि दही यांची सीमा असणारच. मात्र फार कालवून लगदा झाला तरी बिघडतं. दह्याला सलग वाट हवी, पोह्यांनाही हवी, नाहीतर सुटलेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेपर्यंत पोचायचा कसा?

## थर पातळ असला तरी पंचाईत, जाड केला तरी पंचाईत

'प्रकाश कमी शोषला जातो तर थर जाड करा की', हा सगळ्यात पहिला आक्षेप. तो चुकीचा नाही.

या विषयातलं पांडू कॉन्स्टेबल म्हणावं असं एक पॉलिमर आहे, पी३एचटी. अभ्यास कुणाचाही असो, बीटवर हाच. त्याला फुलरीन या कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूच्या एका भाऊबंदाबरोबर कालवून जगभर हजारो सेल बनवले गेले आणि त्यांची कार्यक्षमता चार-पाच टक्क्यांपर्यंत पोचली. शंभरेक नॅनोमीटर जाडीच्या या थरातून प्रकाश एकदा खाली जातो, मागच्या धातूवर आपटून एकदा वर येतो, आणि शोषला गेला नाही तो बाहेर निघून जातो. थर दुप्पट-तिप्पट केला तर प्रकाश जास्त अडकेल हे खरंच.

पण पॉलिमर म्हणजे सिलिकॉनसारखी शिस्तीत रचलेली स्फटिकांची इमारत नव्हे, शेवयांचा गुंता आहे. इलेक्ट्रॉन आणि पोकळी एकदा सुटे झाले तरी त्या गुंत्यातून ते रखडतच पुढे सरकतात. वाट जितकी लांब, तितकी वाटेत दुसऱ्या एखाद्या जोडीदाराची गाठ पडून पुन्हा फुगडी धरण्याची शक्यता जास्त. म्हणून जाड थरात प्रकाश जास्त शिरतो, पण वीज कमी निघते.

आता प्रश्न नेमका झाला. थर न वाढवता त्यात प्रकाश जास्त वेळ कसा रेंगाळत ठेवायचा?

## सोनं लाल का होतं?

पाण्याने काठोकाठ भरलेली बादली घेऊन चालताना काय होतं ते आठवा. विशिष्ट वेगाने चाललं की पाणी अचानक हिंदकळू लागतं आणि पायावर सांडतं. वेग थोडा कमी करा किंवा वाढवा, ते थांबतं. बादलीतल्या पाण्याचा हेलकाव्याचा स्वतःचा एक ठेका असतो. आपल्या पावलांचा ठेका त्याच्याशी जुळला की छोट्या छोट्या धक्क्यांनी मोठी लाट उठते.

धातूत इलेक्ट्रॉन असेच मोकळे असतात, पाण्यासारखे. धातूचा एक कण, समजा ४० नॅनोमीटरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांची एक इवलीशी बादली. प्रकाश ही लहर आहे, ती आली की हे इलेक्ट्रॉन एकदा या काठाला, एकदा त्या काठाला ढकलले जातात. लहरीचा ठेका त्यांच्या ठेक्याशी जुळला की ते जोरात हिंदकळतात आणि त्या रंगाचा प्रकाश स्वतःकडे ओढून घेतात. या सामूहिक हेलकाव्याला प्लाझमॉन म्हणतात. शब्द एवढाच लक्षात ठेवा, बाकी बादली पुरेशी आहे.

सोन्याच्या अशा गोल कणांचा ठेका ५२० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा ओढून घेतला गेला की डोळ्याला उरतो तो लाल. चांदीचा ठेका ४०० नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या प्रकाशाशी जुळतो, म्हणून चांदीचं असं द्रावण पिवळं दिसतं. म्हणजे बारीक झाल्यावर सोनं लाल आणि चांदी पिवळी!

माणसाला हे न कळताही वापरता येत होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा पेला आहे, लायकर्गस कप. समोरून उजेड टाकला तर तो हिरवा दिसतो, आतून उजेड लावला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे नॅनोकण आहेत. आपल्याकडे सुवर्णभस्माचं उदाहरण लगेच दिलं जातं. त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण सापडले आहेत हे खरं, पण कण तयार करता येणं आणि ते का चमकतात हे ठाऊक असणं यात फरक आहे, रोमन कारागिराच्या बाबतीतही. १८५७ मध्ये मायकल फॅरडे यांनी सोन्याचं माणकासारखं लाल द्रावण बनवून सांगितलं की हा रंग अतिसूक्ष्म सोन्यामुळेच येतो. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यामागचं पूर्ण गणित १९०८ साली गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं.

## एक घाट, एक शेकोटी

हे कण सोलर सेलमध्ये दोन वेगळ्या तऱ्हांनी मदत करतात. कुठली तऱ्हा चालणार हे कणाच्या आकारावर ठरतं.

मोठे कण, म्हणजे ५० नॅनोमीटर आणि त्याहून मोठे, प्रकाश शोषण्यापेक्षा उडवून लावतात. सरळ खाली जाणारा किरण कणावर आपटून तिरपा होतो. बोगद्यातून गेलं तर डोंगर दोन मिनिटांत पार होतो, घाटातून गेलं तर तोच डोंगर ओलांडायला तासभर लागतो. तिरप्या किरणाचा घाट होतो: थर तेवढाच, पण त्यातून जाण्याची वाट लांब. जास्त वाट म्हणजे शोषलं जायची जास्त संधी. प्रकाश दाट माध्यमाकडे जास्त झुकतो, त्यामुळे कणांनी उडवलेला बराचसा प्रकाश हवेत परत न जाता आत थराकडेच वळतो.

लहान कण, म्हणजे पाच ते वीस नॅनोमीटरचे, प्रकाश फारसा उडवत नाहीत. हिंदकळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे त्यांच्या अगदी भोवती प्रकाशाचं क्षेत्र कित्येक पटींनी तीव्र होतं. पण हा परिणाम शेकोटीसारखा असतो. कोंडाळं करून बसलेल्यांना ऊब, दहा पावलं मागे उभ्या असलेल्याला काहीच नाही. कणाच्या त्रिज्येइतक्या अंतरापर्यंत तो जाणवतो, पुढे झपाट्याने विरतो. म्हणून शेकोटीचा फायदा घ्यायचा असेल तर कण थेट पॉलिमरच्या आत हवेत, आणि घाटाचा घ्यायचा असेल तर ते थराच्या वर किंवा खाली असले तरी चालतं.

आकाराचं महत्त्व किती टोकाचं आहे ते एका हिशेबावरून कळेल. कणाची त्रिज्या दुप्पट केली की त्याची शोषण्याची ताकद ८ पट होते आणि उडवण्याची ६४ पट. हे प्रमाण लहान कणांपुरतं खरं आहे, पण दिशा स्पष्ट आहे. शोषलेला प्रकाश कण स्वतःच गिळतो आणि त्याची उष्णता होते, उडवलेला प्रकाश पॉलिमरला मिळतो. म्हणजे दहा-वीस नॅनोमीटर इकडेतिकडे झाले की मदतनीस आणि चोर यांची अदलाबदल होते.

सोलर सेलमधल्या या सगळ्या युक्त्यांचा आढावा हॅरी अ‍ॅटवॉटर आणि आल्बर्ट पोलमन यांनी २०१० मध्ये 'नेचर मटेरियल्स' या विज्ञान-नियतकालिकात घेतला आणि त्यानंतर या विषयावरच्या शोधनिबंधांना पूर आला.

## 'धातू घातला तर शॉर्टसर्किट होणार नाही का?'

होतं. शंभर नॅनोमीटरच्या थरात ऐंशी-नव्वद नॅनोमीटरचे दोन कण एकमेकांना चिकटले की वरच्या आणि खालच्या टोकाला जोडणारा धातूचा पूलच तयार होतो आणि सेल मरतो. पॉलिमरच्या द्रावकात गेल्यावर कणांना चिकटायला आवडतंही. सोन्याच्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाकलं तर बघता बघता ते निळसर होतं, कारण कण एकमेकांना चिकटून त्यांचा ठेका बदलतो.

त्याहून छुपा तोटा वेगळाच आहे. फुगडी घालणारी जोडी उघड्या धातूच्या फार जवळ आली की तिची ऊर्जा धातू गिळून टाकतो. सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि पोकळीही धातूच्या कणावर येऊन अडकतात आणि एकमेकांना भेटून संपतात. शेकोटीची ऊब हवी, पण शेकोटीत पडायला नको.

यावर उपाय म्हणून कणाला काही नॅनोमीटर जाडीचं सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्याच पदार्थाचं, कवच चढवतात. पुरणाच्या पोळीत पुरण आत राहतं तसं सोनं आत आणि काच बाहेर. कवच पातळ असलं तर क्षेत्राची तीव्रता बाहेर पोचते, पण इलेक्ट्रॉनांना आत शिरता येत नाही. जाड झालं तर शेकोटीची ऊबच बाहेर येत नाही. दुसरा सोपा मार्ग म्हणजे कण पॉलिमरच्या आत न घालता त्याच्या शेजारच्या, पोकळ्या वाहून नेणाऱ्या थरात घालायचे. प्रयोगशाळांत हाच जास्त रुळला, कारण तिथे फसायची भीती कमी.

## मथळ्यातले २० टक्के

आता त्या बातमीकडे येऊ. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यांग यांग यांच्या गटाने २०११ मध्ये दोन सेल एकावर एक रचून मधल्या जोडणीच्या थरात सोन्याचे कण घातले. कार्यक्षमता ५.२२ टक्क्यांवरून ६.२४ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी तैवानमधल्या एका गटाने पी३एचटीच्या सेलच्या शेजारच्या थरात सोन्याचे कण घालून ती ३.५७ वरून ४.२४ वर नेली.

दोन्ही ठिकाणी वाढ जवळपास २० टक्के. आणि दोन्ही ठिकाणी वाढ एक टक्का किंवा त्याहून कमी. दोन्ही विधानं खरी आहेत. पगार ५,००० वरून ६,००० झाला तर तो २० टक्क्यांनी वाढला असं म्हणायला हरकत नाही, पण म्हणून कुणी फ्लॅट घेत नाही. चौरस मीटरवर पूर्ण ऊन पडलं तर साधारण १००० वॅट मिळतात. त्यातले आधी ५२ वॅट विजेत उतरत होते, आता ६२. दहा वॅट वाढले, म्हणजे एखादा एलईडी दिवा.

शास्त्रज्ञांनी काही लपवलेलं नसतं, शोधनिबंधात दोन्ही आकडे असतात. मथळ्यात मोठा येतो, इतकंच.

## वाढ झाली, पण ती प्रकाशामुळेच का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि बातम्यांत तो कधीच येत नाही.

सेलची कार्यक्षमता तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते: प्रवाह, दाब (व्होल्टेज), आणि प्रवाह-दाब यांच्यातलं किती हाताला लागतं त्याचं प्रमाण. कणांनी जास्त प्रकाश पकडला तर मुख्यतः प्रवाह वाढायला हवा. पण अनेक प्रयोगांत तिसरी गोष्टही वाढलेली दिसते. तिचा प्रकाशाशी फारसा संबंध नाही, वीज अंतर्गत अडथळ्यांतून किती सहज बाहेर येते याच्याशी आहे. म्हणजे कदाचित धातूच्या कणांनी शेजारचा थर खडबडीत केला, त्यामुळे पॉलिमरशी त्याचा संपर्क वाढला आणि पोकळ्या लवकर बाहेर पडल्या. किंवा त्या थराची वाहकता सुधारली. प्लाझमॉनचा पत्ताच नाही, आणि श्रेय मात्र त्याला!

खरं-खोटं करायची एक चांगली रीत आहे. सेलवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून प्रत्येक रंगाला किती वीज मिळते ते मोजायचं. वाढ फक्त सोन्याच्या ठेक्याजवळच्या रंगांत दिसली तर प्लाझमॉनचं काम. सगळ्या रंगांत सारखी वाढली तर बहुधा वायरिंग सुधारलं. आणि सोन्याचा ठेका जिथे आहे, ५२० नॅनोमीटरच्या आसपास, तिथेच पी३एचटी स्वतःही भरपूर प्रकाश शोषतं. म्हणजे जिथे पॉलिमरला मदतीची फारशी गरज नाही, तिथेच मदतनीस येऊन उभा राहतो आणि वर स्वतःचा वाटाही घेतो.

## 'सोनं? परवडायचं कसं?'

हिशेब करून बघू. ४० नॅनोमीटरचे कण सेलचं दहा टक्के क्षेत्र झाकतील इतके पसरले असं धरू. एका चौरस मीटरला सुमारे ५० मिलिग्रॅम सोनं लागतं, अर्ध्या गुंजेहूनही कमी. सोनाराकडे एवढं वजन तराजूत टाकलंत तर तो हसेल.

पण ग्रॅमला १०,००० रुपये भाव धरला तरी याचे ५०० रुपये होतात, आणि त्यातून वाढतात ते मघाचेच दहा वॅट. म्हणजे वाढीव वॅटला ५० रुपये, तेही फक्त धातूचे. आजचं सिलिकॉनचं अख्खं पॅनेल वॅटमागे याहून स्वस्त पडतं. त्यामुळे 'लागतंच किती सोनं' हा युक्तिवाद ऐकायला बरा, पण टिकत नाही.

चांदीची गोष्ट वेगळी. तेवढेच कण चांदीचे घेतले तर २८ मिलिग्रॅम लागतील, ग्रॅमला २०० रुपये धरले तर सहा रुपयांच्या आत. चांदी नाहीतरी सौर उद्योगात आहेच. सिलिकॉन पॅनेलवर दिसणाऱ्या बारीक चंदेरी रेघा चांदीच्याच पेस्टने छापलेल्या असतात. चांदी प्रकाश गिळतेही कमी. तिचा दोष घराघरात माहीत आहे: पैंजण काळे पडतात. नॅनोकणांना तर आकाराच्या मानाने पृष्ठभागच पृष्ठभाग, ते अजून लवकर काळवंडतात.

## पुणे, गवती चहा आणि त्रिकोणी सोनं

सोन्याचा ठेका ५२० ला अडकला आहे तर तो हलवता येईल का? येतो. बादलीचा आकार बदलला की पाण्याचा ठेका बदलतो. गोल कणाऐवजी लांबट काडी किंवा चपटा त्रिकोण केला तर ठेका लाल आणि त्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाकडे सरकतो. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्तात असते आणि पी३एचटीसारखी पॉलिमरं ६५० नॅनोमीटरच्या पुढचं जवळजवळ काहीच पकडत नाहीत. त्यांना कण कुठल्याही आकाराचे दिले तरी तो प्रकाश पकडता येणार नाही, कारण कण प्रकाश फक्त थरात रेंगाळत ठेवतात, तो शोषायचं काम पॉलिमरचंच. पण ज्या पॉलिमरांची पकड ७००-८०० नॅनोमीटरपर्यंत जाते आणि तिथे ढिली पडते, त्यांना असे कण हवेच आहेत.

गोल कण बनवणं सोपं आहे. लिंबात असतं त्या सायट्रिक आम्लाचा क्षार सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात टाकला की काही मिनिटांत ते वाइनसारखं लाल होतं. १९५१ पासून ही रीत रूढ आहे. त्रिकोणांसाठी मात्र खटाटोप लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की गवती चहाच्या पातीचा काढा सोन्याच्या क्षारात मिसळला की सोन्याचे चपटे त्रिकोण तयार होतात आणि ते अवरक्त प्रकाश शोषतात. हा निबंधही 'नेचर मटेरियल्स'मध्येच आला. त्यांचा उद्देश सोलर सेल नव्हता. पण आपल्याकडे पावसाळ्यात आल्याबरोबर चहात जाणारी पात सोन्याचा आकार ठरवू शकते, हे वाचून मला काही दिवस चहा पिताना गंमत वाटत होती.

## मग माझ्या छतावर कधी?

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात मोठी झेप झाली, पण ती कणांमुळे नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या यिंगपिंग झोउ यांच्या गटाने वाय६ नावाचा नवा रेणू आणला. फुलरीनच्या जागी तो कालवल्यावर कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर गेली, आणि आता प्रयोगशाळेतले असे सेल १९-२० टक्क्यांच्या आसपास आहेत. हा रेणू अवरक्त प्रकाश स्वतःच भरपूर पकडतो. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला वरून वाढण्यात अर्थ कमी, तसं इथे सोन्या-चांदीच्या कणांचं झालं. चार-पाच टक्क्यांच्या सेलमध्ये एक टक्का मिळवून देणारा कण १९ टक्क्यांच्या सेलमध्ये तेवढा मिळवून देतो असं नाही. उलट त्याने गिळलेला प्रकाश आता जास्त बोचतो. त्यामुळे संशोधक आता कणांचा विचार अजून पातळ किंवा पारदर्शक सेलसाठी करतात, जिथे थर मुद्दामच उपाशी ठेवलेला असतो. खिडकीची काचच सोलर करायची असेल तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश जाऊ द्यायचा आणि बाकीचा पकडायचा, तिथे ठेका निवडता येणारा कण कामाचा आहे.

छतासाठी खरी अडचण टक्क्यांची राहिलेली नाही, आयुष्याची आहे. सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते. पॉलिमरला हवेतला ऑक्सिजन, दमट हवा आणि अतिनील किरण तिन्ही सोसत नाहीत. कोकणातल्या एका पावसाळ्यात टिकेल असं स्वस्त आवरण त्याला हवं, आणि आवरण चांगलं केलं की छपाईतला स्वस्तपणा संपतो. अमेरिकेतली कोनार्का ही कंपनी, जिच्या संस्थापकांत नोबेलविजेते हीगर स्वतः होते, लवचीक प्लास्टिक सोलर विकायला निघाली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनमधून येणारं सिलिकॉन तोवर इतकं स्वस्त झालं होतं की लवचीकपणासाठी जादा पैसे मोजायला फार कुणी तयार नव्हतं.

जे टिकून आहेत त्यांनी छताचा नाद सोडून दुसऱ्या जागा धरल्या. जर्मनीतली हेलियाटेक कंपनी जड पॅनेलचा भार न झेपणाऱ्या छतांवर आणि भिंतींवर चिकटवायची फिल्म बनवते, तीही पॉलिमरऐवजी लहान सेंद्रिय रेणूंची. स्वीडनमधली एपिशाइन घरातल्या दिव्यांच्या उजेडावर चालणारे छापील सेल बनवते, तापमान मोजणाऱ्या सेन्सरसारख्या उपकरणांसाठी. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, आणि मायक्रोवॅटमध्येच भागतं.

तेव्हा छतावर बसवलेलं पॅनेल तसंच राहू द्या. आठवड्यातून एकदा त्यावरची धूळ पुसलीत तर मिळणारी वाढ मोजायला शोधनिबंध लागणार नाही.